प्रयागकाकूंच्या गल्ल्यावरचं मशीन

आमच्या वस्तीतल्या वाचनालयाचा दरवर्षी हातानं लिहिलेला दिवाळी अंक निघतो. जोगदंड बाई तो काढतात. यंदा त्यांनी बायकांना आपापल्या कामाबद्दल लिहायला सांगितलं. सगळ्यांसमोर मला विचारलं तेव्हा मी नुसती मान हलवली. ती मान हो होती की नाही, हे त्यांनाही कळलं नाही आणि मलाही. घरी आल्यावर मात्र एकेक आठवत गेलं. चारचौघींत मला बोलता येत नाही. कागदावर कोणी आपल्याकडं बघत नसतं, म्हणून लिहिते आहे. बाईंना देईन की नाही ते अजून ठरलं नाही. मी चौथी शिकलेली आहे, तेव्हा देण्याआधी कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल, आणि तिथंच सगळं अडेल असं वाटतं.

मी नोटा आणि नाणी मोजणारी मशीनं साफ करते. क्रांती चौकातून थोडं आत गेलं की रफिकभाईंचं दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं मी आधी झाडलोटीला होते. एकदा एका मशीनच्या फटीत रफिकभाईंचा हात जाईना आणि माझा गेला. तेव्हापासून झाडू सुटला आणि ब्रश हातात आला. तेव्हा माझे केस काळे होते.

लोकांना वाटतं नोटा मोजणारं मशीन फार हुशार असतं. तसं काही नाही. वरच्या ताटात गड्डी ठेवायची. खालची रबराची चाकं एकेक नोट ओढून घेतात, आपण पत्ते वाटताना अंगठ्यानं सरकवतो तशी. वाटेत एका बाजूला बारीक उजेड असतो आणि समोर सेन्सर. आम्ही त्याला डोळा म्हणतो. नोट गेली की उजेड तुटतो, उजेड तुटला की डोळा एक धरतो. साध्या मशीनला नोट शंभराची की पाचशेची हे कळत नाही, त्याला फक्त नग कळतात. जरा महागाचं मशीन असलं तर वेगळ्या मापाची नोट आली की ते थांबतं आणि टीं करतं. नव्या नोटा सगळ्या सारख्या लांबीच्या नाहीत. दहापेक्षा वीस लांब, शंभरापेक्षा दोनशे लांब, पाचशे सगळ्यात लांब. फरक बोटाच्या नखाएवढाही नसतो, पण डोळ्याला तो पुरतो.

मग बिघडतं काय, तर धूळ. नोटा जिथून येतात तिथली धूळ घेऊन येतात. जिनिंगवाल्यांच्या मशीनमधून कापूस निघतो. पिठाच्या गिरणीचं मशीन आतून पांढरं असतं. मोंढ्यातल्या मिरचीच्या आडत्याचं मशीन आलं की रफिकभाई लगेच चप्पल घालतात. म्हणतात, "लताताई, मिर्चीवाला आया. तुम खोलो, मैं चाय पीके आता." मी पदर नाकाला बांधून खोलते. अख्ख्या गल्लीत शिंका सुरू होतात आणि समोरचा शिंपी ओरडतो, "आज मिरचीचा वार हाय का?"

पण सगळ्यात जास्त काम खंडेनवमी आणते. त्या दिवशी आपण अवजारांची पूजा करतो. पूर्वी विळा, कोयता, वजनकाटा पुजायचे, आता दुकानदार नोटा मोजणारं मशीन पुजतात. पुजावंच, लक्ष्मी त्यातूनच जाते. पण पुजायचं म्हणजे हळद-कुंकू नुसतं बोटानं लावून लोकांचं समाधान होत नाही. वरून चिमूटभर सोडतात, अक्षता टाकतात, झेंडूच्या पाकळ्या टाकतात, आणि हे सगळं पडतं त्या ताटात, जिथून नोटा आत जातात. दसऱ्याला दुकान बंद. दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं की करकर वाजतं आणि नोटेबरोबर तांदूळ मोजायला लागतं. मग आमच्या दुकानात रांग. रफिकभाई दरवर्षी सगळ्यांना हात जोडून सांगतात, "पूजा करो ना भई, कौन मना करता? मगर ऊपर से करो. मुंह में नक्को डालो उसके." तरी पुढल्या वर्षी तेच लोक तेच तांदूळ घेऊन येतात. आमच्या दुकानातल्या अवजारांची पूजा मी करते. रफिकभाई आदल्या दिवशी आठवणीनं पेढे आणतात आणि पूजेच्या आधी प्रत्येक मशीनच्या तोंडावर स्वतः कागद झाकतात.

नाण्यांचं मशीन वेगळं. ते फिरत्या थाळीवर नाणी फेकतं आणि मापाच्या भोकांतून वेगवेगळ्या पिशव्यांत सोडतं. आवाज दळणाच्या चक्कीसारखा. एकदा वेरूळच्या रस्त्यावरच्या एका मठाचं मशीन आलं. थाळीखाली सुपाऱ्या, शर्टाची बटणं आणि एक चांदीचं जोडवं अडकलेलं होतं. जोडवं कोणी नवसाचं टाकलं होतं की दानपेटीपाशी वाकताना पायातून निसटलं, कोण जाणे. मी ते कुंकवातून धुऊन कागदात बांधलं. त्या मापाचं पाऊल लहान असणार, एवढंच मनात राहिलं.

विचित्र गिऱ्हाइकंही येतात. एकानं दार लोटून हळूच विचारलं होतं, मशीन दर गड्डीत एक नोट कमी मोजेल असं करून मिळेल का. रफिकभाई म्हणाले, "वो काम आदमी का है साहब, मशीन से नहीं होता."

आता प्रयागकाकूंचं सांगते. मला जे लिहायचं आहे ते हेच आहे.

गुलमंडीच्या बाजूला त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. हळद, कुंकू, कापूर, वाती, जानवी, लग्नाच्या बाशिंगापर्यंत सगळं. नवरा गेल्यापासून गल्ल्यावर काकूच बसतात. माल आणणं, देणं हे त्यांचा मुलगा सुनीलभाऊ बघतात. सुनीलभाऊ कमी बोलणारे. मशीन टेबलावर ठेवायचे, "बघा," म्हणायचे आणि जायचे.

एका वर्षी पावसाळ्यात ते मशीन घेऊन आले तेव्हा नेहमीपेक्षा जास्त बोलले. म्हणाले, "हे वेगळी नोट पकडत नाही. पाचशेच्या गड्डीत दोनशेची जाते, शंभरात पन्नासची. बँकेत भरणा करायला गेलो की कॅशिअर सगळ्या रांगेसमोर म्हणतो, तुमच्या बंडलात भेसळ असते."

मी मशीन उघडलं. आत कुंकूच कुंकू. दुकानच कुंकवाचं, त्यामुळं त्यात नवल नव्हतं. डोळ्यावर लाल थर बसला होता. मी पुसून दिलं. रफिकभाईंनी शंभराच्या गड्डीत दोनशेची नोट घालून बघितली. मशीन थांबलं, टीं केलं. पाठवून दिलं. थोड्याच दिवसांत ते पुन्हा आलं, तीच तक्रार. पुन्हा पुसलं, पुन्हा आमच्याकडं बरोबर चाललं. तिसऱ्यांदा आले तेव्हा सुनीलभाऊ खाली बसले.

म्हणाले, "भाई, मशीनमध्ये दोष असेल तर नवीन घेतो. पण नसेल तर तसं सरळ सांगा. आई म्हणते मशीन खराब आहे. मशीन ठीक असेल, तर मग मला दुसरा विचार करावा लागेल. डॉक्टरही म्हणतात आईला आराम द्या. बायकोचा भाऊ रिकामाच आहे, तो बसेल गल्ल्यावर."

हे ते रागानं म्हणाले नाहीत. थकून म्हणाले. ते गेल्यावर रफिकभाईंनी मशीनचं झाकण बंद केलं. मग मला म्हणाले, "ताई, तुम जाके देखो. मैं गया तो काकू घबराएंगे."

मशीन परत पोचल्यावर मी दुपारी गेले. दुपारी त्या बाजारात सामसूम असते. काकू गादीवर बसल्या होत्या. नऊवारी, कपाळावर बुक्क्याचा ठिपका, समोर लाकडी गल्ला आणि उजव्या हाताला मशीन. एक बाई सत्यनारायणाचं सामान न्यायला आली होती. काकू यादी न बघता सांगत होत्या, "सुपाऱ्या घे, हळकुंडं घे, चौरंगाला खण हाय का घरी? मागच्या टायमाला तुझ्या सासूनं नेला व्हता, तो आसंल, बघ ट्रंकेत." बाई हसून हो म्हणाली. तिनं नोट दिली. काकूंनी ती हातात घेतली, अंगठ्यानं एकदा चाचपली आणि तिलाच विचारलं, "किती दिलेस गं?" बाईनं सांगितलं, काकूंनी सुटे दिले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसांची ती सवयच असते.

मग मी म्हटलं, "काकू, मी मशीनवाली लता. चालवून दाखवता का, काय होतंय ते बघते."

काकूंनी गल्ल्यातून गड्डी काढली, ताटात ठेवली, बटण दाबलं. मशीन फरफर चाललं, मधेच थांबलं, टीं केलं. अगदी बरोबर थांबलं होतं. पाचशेच्या ढिगावर सगळ्यात वर पिवळी दोनशेची नोट पडली होती, लहान मूलही दाखवेल अशी. काकूंनी तिच्याकडं मान वळवली, तिच्यावर बोट ठेवलं, आणि पुन्हा बटण दाबलं. पिवळी नोट पाचशेच्या खाली गाडली गेली. मशीन पुढं मोजत राहिलं.

माझं बघणं काकूंना कळलं असावं. त्या हळू म्हणाल्या, "दिसलं का तुला?"

"हो."

"कवापासून बसलीयस माझ्याकडं बघत?"

"आत्ताच आले काकू."

त्यांनी गल्ल्याचं झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून बसल्या. म्हणाल्या, "काचबिंदू हाय. गेलेलं येत नाय म्हणतो डॉक्टर, उरलेलं राखायला थेंब देतो. माणूस कळतं अजून. उजेडात उभं राहिलं तर कोण ते बी कळतं. पण या नव्या नोटा, लते, सगळ्या एकाच रंगाच्या झाल्यात माझ्यासाठी. सुनीलला थेंब म्हाईत हायेत. किती गेलंय ते नाय सांगितलं."

"सांगत का नाही?"

"सांगितलं की तो म्हणणार, आई आराम कर." त्यांनी आराम हा शब्द असा उच्चारला, जणू तो एखाद्या आजाराचं नाव होता. "घरी काय हाय मला? सून कामाला जाते, पोरं शाळेत. भिंतीकडं बघायचं, तर ती बी दिसत नाय. हितं बसले तर कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाचं लग्न निघालं, सगळं या गल्ल्यावरून जातं. पैशासाठी बसते व्हय मी?"

आमच्या दुकानात परत आले तर सुनीलभाऊ तिथं थांबलेले. मला बघून उभे राहिले. "काय ताई, मशीन की..." एवढंच म्हणाले.

खोटं बोलायला धीटपणा लागतो, तो माझ्यात नाही. मी म्हटलं, "मशीन चांगलं आहे सुनीलभाऊ. थांबतं, वाजतं. थांबल्यावर काय करायचं ते काकूंना कोणी दाखवलेलं नाही. मी दुपारची येऊन दाखवते. नंतर बघा आणि मग काय ते ठरवा."

ते माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो. दिवाळीचा भरणा मोठा असतो." रफिकभाईंनी पावतीवर सर्व्हिसिंगच्या जागी ट्रेनिंग लिहिलं आणि पुढं पैशाची जागा रिकामी सोडली.

मी दुपारची भाकरी काकूंकडंच खायला लागले. आधी त्यांना आवाज शिकवला. मशीन गड्डी संपल्यावर थांबतं तेव्हा गुपचूप थांबतं. टीं केलं म्हणजे परकी नोट, आणि ती नेहमी सगळ्यात वरची. ती आधी उचलायची, मगच बटण. काकू पहिले काही दिवस सवयीनं बटण आधी दाबायच्या आणि स्वतःच्याच हातावर चापट मारायच्या. "मेला हात, सासरी नांदत नाय."

पण उचललेली नोट कितीची, हे कसं कळावं? तेव्हा मला मशीनचा डोळा आठवला. तो रंग बघत नाही, लांबी बघतो. मी उदबत्तीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेतला आणि त्याच्या कडेला प्रत्येक नोटेच्या लांबीवर एकेक खाच पाडली. पुठ्ठ्याच्या एका टोकाला नोट लावायची, दुसरं टोक कुठल्या खाचेवर येतं ते बोटानं बघायचं. खाचांच्या मधलं अंतर फार कमी होतं, माझा पहिला पुठ्ठा वाया गेला, दुसऱ्यात पन्नास आणि शंभर एकच झाले. मग रफिकभाईंनी जुन्या मशीनच्या पत्र्याची पट्टी कापून, कानशीनं घासून खाचा पाडून दिल्या. पट्टी देताना म्हणाले, "अम्मी के वास्ते किसी ने बना के दी होती तो..." आणि कानस उचलून ठेवली. त्यांच्या आईची नजर शेवटी गेली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

गल्ल्याचे कप्पेही ठरवले. डावीकडून उजवीकडं, लहानाकडून मोठ्याकडं. त्यात एकच अडचण होती. काकू जेवायला उठल्या की सुनीलभाऊ गल्ल्यावर बसायचे आणि घाईत कुठलीही नोट कुठंही टाकायचे. काकू परत आल्यावर मुकाट्यानं सगळा गल्ला पट्टीवर मोजून पुन्हा लावायच्या. "सांगा ना त्यांना," मी म्हणायची. "काय सांगू? कशासाठी म्हणून सांगू?" त्या म्हणायच्या.

नवरात्र आलं तेव्हा काकूंच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि आमच्याकडं मशीनांची रांग लागली, त्यामुळं मला जाता आलं नाही. दिवाळीपर्यंत रोज मनात यायचं, आज भरणा असेल, आज कॅशिअर काय म्हणाला असेल. सुनीलभाऊ मशीन घेऊन आले नाहीत. न येणं चांगलं की वाईट, ते कळेना. बायकोच्या भावाला बसवलं असलं तरी ते आले नसतेच.

भाऊबीज झाल्यावर मी वाती आणायचं निमित्त काढून गेले. लांबूनच गादीकडं बघितलं. काकू गल्ल्यावर होत्या. मला रस्त्यातच जरा थांबावं लागलं, डोळे पुसायला.

दुकानात गर्दी होती. फोनवरून पैसे आले की बोलणारा एक डबा नव्यानं ठेवला होता, तो आपल्या गतीनं आकडे सांगत होता. पण त्याच्याहून जास्त सुनीलभाऊच बोलत होते. पुड्या बांधायच्या, गिऱ्हाइकाकडून नोट घ्यायची आणि आईच्या हातात देताना म्हणायचं, "आई, पाचशे. एकशेसाठ झाले." पुढचं गिऱ्हाईक. "आई, दोनशे आले. पन्नासचं सामान." काकू नोट घेत होत्या, बरोबर कप्प्यात टाकत होत्या, बरोबर कप्प्यातून सुटे काढत होत्या. पट्टी मांडीखाली होती, तिला हात लावायची वेळ येत नव्हती. एका ओळखीच्या गिऱ्हाइकानं वाकून सरळ गल्ल्यावर नोट ठेवली तर सुनीलभाऊंनी ती उचलली आणि "आई, शंभर," म्हणत त्यांच्या हातात दिली. एरवी दोन शब्द खर्च न करणारा माणूस तो.

मी पुढं झाले. काकूंनी आवाजावरून ओळखलं. "लते, ये. दिवाळी झाली का?"

"झाली काकू. भरणा?"

"गेला की. कॅशिअर गप बसला." मग हात माझ्याकडं पसरून मला जवळ ओढलं. "हा सुनील बघ. मुका म्हणून वाढला, आता तोंड मिटत नाय. पर्तेक नोटेचं नाव घेऊन देतो. दिवसभर."

मी हळूच विचारलं, "तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"नाय गं."

"त्यांनी विचारलं?"

"त्यानं बी नाय इचारलं."

मी वातींसाठी वीसची नोट पुढं केली. काकूंचा हात पोचायच्या आधी सुनीलभाऊंनी मागून ती घेतली. माझ्याकडं बघितलं नाही. "आई, वीस," म्हणाले आणि आतल्या खोलीत माल काढायला गेले.

काकूंनी नोट कप्प्यात टाकली. ते आत गेल्याची पावलं ऐकली, आणि माझ्या कानाशी आल्या.

"बोलू दे त्याला," त्या म्हणाल्या. "त्याला वाटतंय, तो का बोलतो ते मला कळत नाय."